मोजणी

मेकॅनिक म्हणाला, हेड गेलं, नवं टाका.
कोण गेलं आणि कोण नाही
हे एकतीस वर्षं थिएटरमध्ये ऐकलंय मी,
म्हणून जरा थांबले.
रिक्षात घालून घरी आणलं,
पेपरात गुंडाळून, मटणासारखं.

बुलेट डॉक्टरांची.
ते वारल्यावर मुलानं भंगारात काढली,
मी किलोच्या भावानं घेतली.
एस्तेरबाई आता गाडी उडवणार, गल्ली म्हणाली.
उडवीन की. आधी तिला श्वास तर लागू दे.

हत्यारांचा मिरजेत काय तोटा?
निम्मं गाव माणसं उघडतं,
निम्मं भोपळे.

व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा खास शिकंजा
सांगलीत मिळतो म्हणे, बाराशेला.
मी सुताराचा सी-क्लॅम्प आणला,
त्याखाली नळाच्या पाइपाचा चार बोटं तुकडा,
एका अंगाला खिडकी कापून,
आत चिमटा जाईल एवढी.
चिमटा माझाच: वाकड्या चोचीची आर्टरी फोर्सेप,
रिटायर झाले त्या दिवशी पर्समध्ये आली, ती आलीच.
स्प्रिंग दबली, अर्ध्या चंद्राची कॉटर सुटली,
चोचीनं अलगद बाहेर.
हात थरथरला नाही. बरं वाटलं.

भेग आहे का, ते दस्तगीरभाईंनी सांगितलं.
हेड सुतळीला टांगलं,
लाकडी हातोडीनं एकदाच वाजवलं, डोळे मिटून.
"अख्खं आहे. फुटका भोपळा असा बोलत नाही."

सीट घासायला काठीवर रबरी वाटी लागते.
ती पलीकडच्या पोराच्या खेळण्यातल्या बाणाची,
चॉकलेटच्या बदल्यात.
काठी म्हणजे सतारीची नापास खुंटी.
पेस्ट लावून तळव्यांत खुंटी फिरवत बसले.
खर्र, खर्र, मग खर कमी कमी,
मग नुसतं सुस्स.
आवाज बदलला की हात काढायचा, भाई म्हणाले,
जवारी काढताना ते तसंच थांबतात.
पुसून पाहिलं तर राखाडी रेघ, सलग,
पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

डॉक्टर नाव घेऊन काही मागत नसत.
नुसता तळवा पुढे यायचा,
आणि मी ठेवायचे ते बरोबर असायचं.
परवा व्हॉल्व्ह धरून बसले असताना
माझाच डावा हात पुढे झाला, उताणा,
आणि तसाच राहिला थोडा वेळ.
मग उजव्यानं उचलून डाव्यात दिलं.

बंद करण्याआधी मोजायचं.
पोट शिवण्याआधी मी मोठ्यानं मोजायचे,
बोळे, चिमटे, सुया,
आकडा जुळेपर्यंत टाका घालू द्यायची नाही.
एकदा त्यांनी हातमोजे फेकले होते रागानं.
बोळा सापडला. कुणी काही बोललं नाही.

कॉटर चार हव्यात. किडनी ट्रेमध्ये तीन.
परत मोजल्या. तीन.
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून
ओट्याखाली फिरवलं, मांडणीमागे फिरवलं:
दोन हेअरपिना, एक टाचणी,
कुठल्याशा ट्रंकेची किल्ली.
बारा वाजता गाऊन बदलताना
दुमडीतून टिणकन् पडली.
चार, मी मोठ्यानं म्हटलं.

नट आवळायला हळदीच्या वखारीतला
स्प्रिंगकाटा आणून ठेवलाय.
फूटभर पाइपाच्या टोकाला
अकरा किलो दाखवले की बस.
काटा धुतला तरी पिवळाच.
पण तो नंतर.

रेशनचं रॉकेल बंद झालं, म्हणून डिझेल.
दोन्ही पोर्टांत ओतून ठेवलं, खाली पेपर.
सकाळी इनलेटखाली कोरडं.
एक्झॉस्टखाली तुरीच्या डाळीएवढा डाग.

मेकॅनिक म्हणाला असता, चालतंय.

मी क्लॅम्प पुन्हा चढवला,
ट्रे जवळ ओढला.
एक.